यंत्राच्या तोडीची आकडेमोड

जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘लेप’ हे यंत्र नोव्हेंबर २००० मध्ये कायमचे बंद झाले. २७ किलोमीटर परिघाच्या त्या बोगद्यात १९८९ पासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिकण) समोरासमोर आदळवले जात होते, आणि चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड बोसॉनांची, म्हणजे दुर्बल बल वाहून नेणाऱ्या जड कणांची, नोंद केली होती. त्या नोंदींवरून निघालेल्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर असे की, निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती २.९८४० आहेत आणि या आकड्यातली अनिश्चितता ०.००८२ आहे. जाती तीनच असणार हे उघड होते, पण आकडा तीनच्या खाली, अनिश्चिततेच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर बसला होता. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्यामुळे कोणी नव्या शोधाचा डांगोरा पिटला नाही, तरी तो खुपत मात्र राहिला. आज तोच आकडा २.९९६३ असा सांगितला जातो आणि अनिश्चितता ०.००७४ अशी. दरम्यान एकही नवी टक्कर घडवलेली नव्हती. यंत्र मोडीत निघून एकोणीस-वीस वर्षे झाल्यावर बदलली ती फक्त आकडेमोड.

हे कसे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या पिढीच्या कोलायडरांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न त्यातच दडलेला आहे.

न्यूट्रिनो लेपवरच्या शोधकांत (डिटेक्टरांत) सापडत नसत, म्हणून त्यांची मोजणी आडवाटेने करावी लागते. झेड बोसॉन जन्मल्याबरोबर फुटतो आणि फुटण्याच्या त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. त्यांतल्या काही वाटा न्यूट्रिनोंकडे जातात. न्यूट्रिनोंच्या जाती जितक्या जास्त, तितका दिसणाऱ्या कणांच्या वाट्याला येणारा हिस्सा कमी; म्हणजे टकरीची ऊर्जा झेडच्या वस्तुमानाइतकी ठेवली असता दिसणाऱ्या घटनांचे शिखर किती उंच आहे हे मोजले की जाती किती ते कळते. पण उंची मोजायची म्हणजे ‘इतक्या संधींपैकी इतक्या घटना’ असे सांगता आले पाहिजे, आणि संधी किती होत्या हे यंत्र आपणहून सांगत नाही. ते ठरवण्यासाठी अशी एखादी प्रक्रिया निवडावी लागते की जिची शक्यता कागदावर बिनचूक काढता येते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना किंचित वळवून पुढे निघून जातात, ही ती प्रक्रिया. तिचे गणित मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना केले आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. जगभर तिला भाभा विकिरण असेच म्हणतात. लेपमध्ये किरणशलाकेला लागून अगदी लहान कोनात बाहेर पडणारे भाभा इलेक्ट्रॉन मोजले जात, त्यांच्या संख्येला सिद्धान्ताने काढलेल्या शक्यतेने भागले जाई, आणि त्यातून एकूण संधींचा हिशेब लागत असे.

सराफाने मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा आणला पण दुसऱ्या पारड्यात टाकायची वजनेच थोडी खोटी असतील, तर काट्याच्या अचूकतेला अर्थ उरत नाही. इथे वजने म्हणजे भाभा विकिरणाचे गणित. २०१९ साली दोन गोष्टी एकापाठोपाठ उघड झाल्या. पहिली अशी की समोरून येणाऱ्या पॉझिट्रॉनांच्या पुंजक्याचे विद्युतक्षेत्र बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांना किंचित आत ओढते, आणि त्यामुळे काही इलेक्ट्रॉन मोजणीच्या कक्षेतून निसटतात. फरक जेमतेम ०.१ टक्क्याचा, पण संधी तेवढ्या कमी धरल्या गेल्या होत्या. दुसरी गोष्ट सर्नचे पॅट्रिक जानो आणि क्राकोचे स्टानिस्वाव्ह यादाख यांनी दाखवली: भाभा विकिरणाच्या शक्यतेचे गणित नव्या माहितीवरून पुन्हा केले असता ती आधी धरली होती त्यापेक्षा सुमारे ०.०५ टक्क्यांनी कमी निघते, आणि गणितातली अनिश्चितताही ०.०६१ टक्क्यांवरून ०.०३७ टक्क्यांवर येते. दोन्ही दुरुस्त्या एकाच दिशेच्या होत्या. आकडा तीनकडे सरकला आणि खुपणारा फरक विरून गेला.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकाची समजूत बहुधा अशी असते की प्रयोगकर्ते मोजतात, सैद्धान्तिक भाकीत करतात आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले जातात. प्रत्यक्षात मोजलेला म्हणून जो आकडा छापला जातो, त्याच्या पोटातच सिद्धान्ताचे गणित असते. याचे आणखी ठळक उदाहरण झेडच्या वस्तुमानाचे आहे. टकरीआधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन प्रकाशकण बाहेर टाकतात, थोडी ऊर्जा गमावतात आणि मग आदळतात. त्यामुळे शोधकात दिसणारे शिखर मूळ शिखरापेक्षा चौथ्या हिश्श्याहून अधिक बुटके होते आणि सुमारे १०० एमईव्हीने सरकते. (एमईव्ही हे ऊर्जेचे एकक, कणभौतिकीत वस्तुमानही त्यातच सांगतात. १ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही.) लेपने झेडचे वस्तुमान ९१,१८७.५ एमईव्ही असे दिले आणि त्यातली अनिश्चितता अवघी २.१ एमईव्ही होती. म्हणजे १०० एमईव्हीचे सरकणे सिद्धान्ताने आधी जवळपास चोख काढून दिले होते, तेव्हाच २.१ एमईव्हीची बढाई मारता आली. प्रकाशकणांच्या या उत्सर्जनाचा हिशेब एकेक टक्कर संगणकावर घडवून करणारे जे प्रोग्रॅम आहेत, त्यांतले अनेक यादाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. यादाख २०२३ साली वारले. अशा कामाचे बारकावे मोजक्याच डोक्यांत साठलेले असतात, आणि ती परंपरा नव्या हातांत जाणे हे बोगदा खणण्याइतकेच निकडीचे काम आहे असे मला वाटते.

आता हे गणित मुळात असते तरी कसे, ते पाहू. कणांच्या टकरीची शक्यता एका झटक्यात काढण्याचे सूत्र कोणाकडेही नाही. ती टप्प्याटप्प्याने काढावी लागते. पहिल्या टप्प्यात सर्वांत साधी शक्यता धरतात: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकत्र येऊन झेड बनला आणि झेड फुटला. पुढच्या टप्प्यात, वाटेत कुठेतरी एक आभासी कण जन्मून पुन्हा शोषला गेला, अशा सगळ्या शक्यता मिळवतात. या शक्यता रेषांनी रेखाटणाऱ्या फाइनमन आकृतीत अशा वाटेचे एक बंद वेटोळे दिसते, त्याला लूप म्हणतात. त्यापुढे दोन लूप, तीन लूप. दर लूपमागे परिणाम घटत जातो, कारण विद्युतबलाची ताकद दाखवणारा अंक सुमारे १/१३७ इतका लहान आहे, पण आकृत्यांची संख्या मात्र भसाभस वाढत जाते.

ही वाढ किती ते इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माच्या गणितात स्वच्छ दिसते. ज्यूलियन श्विंगर यांनी १९४८ साली एका लूपची दुरुस्ती काढली. तिथे आकृती एकच होती. दोन लूपना ७ आकृत्या लागतात, तीनला ७२, चारला ८९१ आणि पाचला १२,६७२. पाच लूपचे काम तोइचिरो किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर अनेक वर्षे खपून २०१२ साली पूर्ण केले. या इतिहासातला बोलका भाग मात्र त्या सात आकृत्यांचा आहे. दोन लूपचे उत्तर १९५० साली प्रसिद्ध झाले आणि त्यात चूक होती. ती १९५७ साली दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे गणित करून सुधारली. सात आकृत्यांतली चूक उघडकीला यायला सात वर्षे गेली, तर लाखभर आकृत्यांचे गणित एकाच गटाने करून भागणार नाही, हे वेगळे सांगायला नको. दोन गटांनी, शक्य तर दोन निरनिराळ्या पद्धतींनी तेच उत्तर काढणे हा इथला शिरस्ता आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते दुबार काम वाटते आणि निधी देणाऱ्यांना तर हमखास तसे वाटते.

लाखभर म्हटले ते उगाच नाही. झेड बोसॉन फुटण्याच्या एकाच प्रकारासाठी तीन लूपच्या आकृत्या काढायला बसले की संख्या लाखांच्या घरात जाते. शिवाय इथे इलेक्ट्रॉनच्या गणितापेक्षा एक जास्तीची अडचण आहे. तिथे वस्तुमान मुख्यतः एकाच कणाचे येते. झेडच्या लूपमध्ये डब्ल्यू, झेड, हिग्ज आणि टॉप क्वार्क असे चौघे जड कण आपापली वेगवेगळी वस्तुमाने घेऊन शिरतात, आणि प्रत्येक आकृतीमागचे इंटिग्रल इतके गुंतागुंतीचे होते की त्याचे उत्तर ओळखीच्या फलनांत मांडताच येत नाही. यावर उपाय म्हणून आधी लाखो इंटिग्रलांमधली नाती शोधून ती मोजक्या मूळ इंटिग्रलांवर आणली जातात. इटालियन संशोधक स्तेफानो लापोर्ता यांनी २००० साली यासाठी जी रीत घालून दिली, ती आजही या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हाताखाली असते. उरलेली मूळ इंटिग्रले मग संख्यात्मक पद्धतीने, हवे तितके दशांश मिळेपर्यंत काढतात. हे ऐकायला सरळ वाटते. प्रत्यक्षात नात्यांची समीकरणे सोडवतानाच संगणकाची स्मृती संपून जाते.

त्याखेरीज लूपचे उत्तर प्रथमदर्शनी अनंत येते. ही अनंते शिस्तीने काढून टाकता येतात हे खेरार्द त होफ्त आणि मार्टिनस व्हेल्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९९९ सालचे नोबेल मिळाले. त्यांची युक्ती अशी की गणित चार मितींत न करता चारपेक्षा किंचित कमी मितींत करायचे आणि शेवटी चारवर यायचे. विद्युतबलापुरते हे सुरळीत चालते. पण दुर्बल बल डाव्या आणि उजव्या हाताच्या कणांत भेदभाव करते, आणि डावे-उजवे ही कल्पना चार मितींतच धड बसते. एका लूपपर्यंत हा गुंता सहज सुटतो. तीन लूपवर तो खरोखरीची डोकेदुखी होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर लेपच्याच काळात मिळालेले आहे. टॉप क्वार्क लेपमध्ये निर्माण होऊच शकत नव्हता, त्याला लागणारी ऊर्जा तिथे नव्हती. पण झेडच्या लूपमध्ये तो आभासी रूपाने येतो, आणि त्याचा परिणाम त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे व्हेल्टमन यांनी १९७७ साली दाखवले होते. लेपची मोजमापे आणि लूपचे गणित जुळवून १९९४ च्या सुमारास अंदाज निघाला तो १७० ते १८० जीईव्हीच्या आसपासचा (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही); १९९५ साली अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये टॉप सापडला तो त्याच पट्ट्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गट या कथेच्या दोन्ही बाजूंना होते: लेपवरील एल-थ्री प्रयोगात आणि फर्मीलॅबमधील डी-झिरो प्रयोगात. जो कण यंत्राच्या आवाक्यात नाही, त्याची चाहूल अचूक मोजमापातून लागते, आणि ती लागायची तर गणितही तितकेच अचूक लागते. हिग्ज बोसॉन २०१२ साली सापडल्यानंतर नवा मूलभूत कण मिळालेला नाही, त्यामुळे सध्या हीच वाट सर्वांत आश्वासक मानली जाते.

त्या वाटेने जाण्यासाठी सर्नने मांडलेला प्रस्ताव म्हणजे ९०.७ किलोमीटर परिघाचा नवा कोलायडर. त्याच्या व्यवहार्यतेचा अहवाल मार्च २०२५ अखेर प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या अवतारात, एफसीसी-ईई मध्ये, पुन्हा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच आदळवायचे आहेत. चीनमध्येही जवळपास अशाच यंत्राचा आराखडा तयार आहे. एफसीसी-ईई वर झेड बोसॉन मिळतील ते सुमारे ६ लाख कोटी, म्हणजे लेपच्या तीन लाख पटींहून अधिक. मोजणीतली सांख्यिक अनिश्चितता घटनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून ती पाचशे पटींहून अधिक घटेल. यंत्राच्या आणि शोधकाच्या उणिवा धरल्या तर लाभ इतका राहत नाही, तरीही झेडच्या वस्तुमानातली अनिश्चितता २१०० केईव्हीवरून १०० केईव्हीच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट आहे.

इथेच ग्यानबाची मेख आहे. झेडची ‘रुंदी’ घ्या. झेड किती झटपट फुटतो याचे ते माप असते. लेपने ती २३०० केईव्हीच्या अनिश्चिततेने मोजली. दोन लूपचे पूर्ण गणित जर्मनी, पोलंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली तडीस नेले, तेव्हा भाकितातली अनिश्चितता सुमारे ४०० केईव्हीवर आली. लेपशी ताडून पाहण्यासाठी ती भरपूर होती. एफसीसी-ईई मात्र हीच रुंदी २५ केईव्ही किंवा त्याहूनही बारीक मोजू पाहणार. तीन लूपचे गणित पूर्ण झाले तर भाकितातली अनिश्चितता १५० केईव्हीच्या आसपास येईल, असा या विषयातल्या जाणकारांचा अंदाज आहे, म्हणजे तेव्हाही सिद्धान्त मागेच राहील आणि चार लूपमधल्या निदान प्रमुख भागांना हात घालावा लागेल. डब्ल्यू बोसॉनच्या वस्तुमानाचीही हीच गत: भाकितात आज सुमारे ४ एमईव्हीची अनिश्चितता आहे, तीन लूपनंतर ती १ एमईव्हीवर येईल, आणि नवे यंत्र ते वस्तुमान अर्ध्या एमईव्हीच्या आत मोजण्याची भाषा करते आहे.

या ‘अनिश्चितते’बद्दल थोडे सावध राहिले पाहिजे. प्रयोगातली अनिश्चितता पुष्कळशी मोजून काढता येते. सिद्धान्तातली अनिश्चितता म्हणजे न काढलेल्या पदांचा अंदाज. पहिल्या दोन टप्प्यांचे गुणोत्तर पाहून तिसरा टप्पा केवढा असेल याचा तर्क करायचा, असे त्याचे स्वरूप असते. हा तर्क फसूही शकतो. दोन ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांपासून) हिग्ज बोसॉन बनण्याची शक्यता काढताना पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर गेले की उत्तर जवळजवळ दुप्पट होते, आणि पहिल्या टप्प्यावर लावलेला अंदाज त्याच्या पासंगालाही पुरला नव्हता. त्या गणिताचा चौथा टप्पा २०१५ साली पूर्ण झाल्यावर कुठे उत्तर स्थिरावल्याची खात्री पटली. म्हणून मी वर दिलेले ४०० आणि १५० हे आकडे एकाच प्रकारचे नाहीत: पहिला झालेल्या कामाचा हिशेब आहे, दुसरा आशेचा.

लूपच्या पायऱ्या कितीही चढल्या तरी एक तुकडा त्या वाटेने हाती लागत नाही. विद्युतबलाची ताकद दाखवणारा १/१३७ हा अंक ऊर्जेनुसार बदलतो आणि झेडच्या ऊर्जेला तो १/१२९ च्या आसपास येतो. या बदलातला एक हिस्सा क्वार्कांच्या आभासी जोड्यांमुळे असतो, आणि कमी ऊर्जेला क्वार्क एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की टप्प्याटप्प्याची बेरीज निरुपयोगी ठरते. मग दोनच मार्ग उरतात. एक, नोव्होसिबिर्स्क, फ्रास्काती, बीजिंग अशा ठिकाणच्या लहान कोलायडरांवरची मोजमापे गणितात घालायची. दोन, अवकाश-काळाचे जाळे कल्पून महासंगणकावर सरळ हिशेब करायचा. या दोन मार्गांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा काय होते, ते इलेक्ट्रॉनचाच जड भाऊबंद असलेल्या म्युऑनच्या चुंबकीय गुणधर्माच्या बाबतीत जगाने नुकतेच पाहिले. २०२१ साली फर्मीलॅबच्या मोजमापात आणि पहिल्या मार्गाच्या भाकितात ४.२ सिग्मांची, म्हणजे अनिश्चिततेच्या ४.२ पट, तफावत निघाली आणि वर्तमानपत्रांत नव्या भौतिकीचे मथळे झळकले. २०२५ साली सैद्धान्तिकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दुसऱ्या मार्गाचा आधार घेऊन नवे भाकीत दिले, आणि फर्मीलॅबचा आणखी अचूक झालेला अंतिम आकडा त्याच्याशी बिनतक्रार जुळला. पहिल्या मार्गातली मोजमापे आपसांतच का जुळत नाहीत, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि तोच प्रश्न झेडच्या ऊर्जेला लागणाऱ्या त्या अंकातही थोड्या वेगळ्या रूपात येतो.

यावर पॅट्रिक जानो यांनी २०१५ साली सुचवलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. तो अंक बाहेरून उसना घेण्याऐवजी नव्या यंत्रावरच मोजावा, असे त्यांचे म्हणणे आहे. टकरीतून म्युऑनांची जोडी निघते तेव्हा म्युऑन पुढच्या दिशेला जास्त जातात की मागच्या, हा असमतोल झेडच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना विद्युतबलाच्या ताकदीवर थेट अवलंबून असतो. तेव्हा शिखराच्या अलीकडे ८७.९ आणि पलीकडे ९४.३ जीईव्ही या दोन ऊर्जांवर यंत्र चालवून असमतोल मोजला की तो अंक लाखात तीन भाग इतक्या बारकाईने मिळू शकेल. दोन बाजू एकत्र घेतल्याने बऱ्याच चुका परस्पर कटतात, हे त्यातले विशेष. न कटणारी एक गोष्ट उरते: टकरीआधी इलेक्ट्रॉनांनी टाकलेले प्रकाशकण आणि टकरीनंतर म्युऑनांनी टाकलेले प्रकाशकण यांची आपसांतली सरमिसळ. तिच्यामुळेही पुढे-मागेचा असमतोल निर्माण होतो, आणि तो वजा करण्यासाठी तिचे गणित तितक्याच बारकाईने करून ठेवावे लागणार आहे.